श्रीसंत गाडगेमहाराज आणि विद्येचा अधिकार

कोणताही शास्त्रग्रंथ घ्या, त्याच्या आरंभी चार गोष्टींचा विचार केलेला असतो. ग्रंथाचा विषय कोणता, तो वाचून लाभ काय, ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध काय, आणि ह्या सर्वांच्या आधी, हा ग्रंथ वाचण्यास अधिकारी कोण. ह्यास अनुबंधचतुष्टय म्हणतात. आम्ही पाठशाळेत असताना ही चार नावे घोकून पाठ केली होती. अधिकारी म्हणजे विवेकी, विरक्त, शमदमादि गुणांनी युक्त, मोक्षाची तळमळ लागलेला पुरुष, असे व्याख्यान गुरुजी करीत आणि आम्ही माना डोलवीत असू. वय बारा वर्षांचे. वैराग्य कशाशी खातात ते ठाऊक नाही, आणि मोक्षापेक्षा दुपारच्या जेवणाची तळमळ मोठी. तरी आम्ही अधिकारी ठरलो होतो. कसे ठरलो, हा प्रश्न त्या वयात सुचला नाही. पुष्कळ वर्षांनी श्रीगाडगेमहाराजांचे चरित्र कीर्तनात लावावयास घेतले तेव्हा तो सुचला, आणि एकदा सुचल्यावर त्याने आमचा पिच्छा सोडला नाही.

महाराजांचा त्याग, त्यांची स्वच्छतेची आवड, अन्नदान, प्राणिदया ह्यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. डिसेंबर महिना आला की हाती खराटा धरून छायाचित्र काढवून घेणारेही पुष्कळ आहेत. असो. येथे त्या चरित्रातला एकच धागा धरावयाचा आहे. ज्याने स्वतः शाळेचे तोंड पाहिले नाही, त्या पुरुषाने जन्मभर लोकांच्या मुलांना शाळेत घालण्याचा ध्यास का घेतला, आणि तो नुसता सांगून न थांबता काय करून गेला, तो हा धागा.

वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्याच्या अंजनगाव-सुर्जी तालुक्यात, शेंडगाव म्हणून गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परिटाच्या घरी महाराजांचा जन्म झाला. नाव डेबूजी, वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई, आडनाव जाणोरकर. परीट म्हणजे गावाचे कपडे धुणारा बलुतेदार. गावाचा मळ त्याने काढावा आणि गावाने त्याला पंक्तीच्या कडेला बसवावे, अशी ती व्यवस्था. त्यातून त्या काळी त्या समाजात बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक कार्याला दारू लागे. झिंगराजी त्या दारूतच गेले. डेबू तेव्हा आठएक वर्षांचा होता. सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यास माहेरी आल्या. भाऊ चंद्रभानजी शेती करीत. डेबूच्या हाती मामाची गुरे आली.

आता येथे क्षणभर थांबू. आठ वर्षांचे वय म्हणजे बरोबर शाळेत बसण्याचे वय. त्याच वयात आमची मुंज झाली आणि आमच्या पुढ्यात अमरकोश आला. डेबूच्या पुढे गुरांचा कळप आला. बुद्धीत फरक होता काय? मुळीच नाही. ज्या माणसाने पुढे हजारो लोकांच्या समुदायाला चार चार तास खिळवून ठेवले, ज्याला तुकोबांचे अभंग आणि कबीरांचे दोहे नुसते ऐकून तोंडपाठ होते, त्याच्या बुद्धीबद्दल शंका कोण घेईल? आपल्या दिंडीतली म्हातारी बघा. अक्षर म्हणाल तर काळ्या म्हशीसारखे, पण हरिपाठ म्हणताना एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही. पाठशाळेत आम्हीही पाठांतरच करीत होतो. त्या म्हातारीला पढिक म्हणत नाहीत आणि आम्हांला शास्त्री म्हणतात. हा फरक डोक्यातला नव्हे. कोणी कोणत्या घरी जन्म घेतला, आणि त्या घरात आठ वर्षांच्या पोराच्या हातांवाचून काम अडत होते की नाही, एवढाच तो फरक.

कायद्याने म्हणाल तर दार तेव्हाही उघडे होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. प्रकरण थेट विलायतेपर्यंत गेले आणि १८५८ साली असे ठरले की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या मुलांना खुल्या असाव्यात. त्याच्याही आधी, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली होती. १८८२ साली हंटरसाहेबांच्या शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी लेखी निवेदन दिले आणि कुणब्याच्या घामातून येणारा सारा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, खेड्यातल्या पोराच्या वाट्याला काही येत नाही, हे सरकारला स्पष्ट ऐकविले. डेबू तेव्हा सहा वर्षांचा होता. हुकूम निघाला होता, निवेदन गेले होते. पण हुकूम कागदावर राहतो आणि पोर गोठ्यात राहते. साताऱ्याच्या शाळेत पुढे एक महार मुलगा घरून गोणपाट घेऊन येई आणि इतरांपासून वेगळा त्यावर बसून शिके. तोच मुलगा भीमराव आंबेडकर. दार उघडे असणे निराळे आणि आत घेणे निराळे.

दापुऱ्यास डेबूजी वाढला. शेतात राबणारा, पूर्णेच्या पुराला न भिणारा, रात्री भजनाची मंडळी जमविणारा. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशाला दारू आणि मटण न ठेवता गोडाचे जेवण घातले, म्हणून जातवाले रागावले. ही त्यांची पहिली सुधारणा आणि तिचा पहिला खर्चही त्यांनीच सोसला. परंतु आमच्या मते त्यांच्या जन्माला वळण देणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती घडली मामाच्या शेतावर.

चंद्रभानजी सरळ माणूस. काही निमित्ताने सावकाराचे कर्ज झाले. वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. कापसाला भाव आला की हातात पैसा खुळखुळे, भाव पडला की सावकाराचा उंबरा. मामा हप्ते फेडीत गेले, पावती घेतली नाही. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते, आणि वाचून दाखवणारा होता तो सावकाराचाच. शेवटी कळले की कर्ज फिटलेच नाही, आणि शेत मात्र गेले. चरित्रकारांनी हे सविस्तर सांगितले आहे. चंद्रभानजींनी त्या धक्क्याने हाय खाल्ली आणि त्यातच ते वारले.

ह्या प्रसंगाकडे आम्ही फार दिवस केवळ सावकाराचा दुष्टपणा म्हणून पाहत होतो. कीर्तनात सावकाराला शिव्या घातल्या की श्रोतेही टाळ्या देतात. पण नीट बघा. सावकाराने शेतात येऊन मारामारी केली नाही, चोरीही केली नाही. त्याने चार ओळी लिहिल्या आणि मामांनी त्यांखाली अंगठा उमटविला. ज्याला लिहिता येत होते तो धनी झाला आणि ज्याला राबता येत होते तो भूमिहीन झाला. अक्षर हे ब्रह्म आहे, असे आम्ही व्यासपीठावरून सांगतो. दापुऱ्यात अक्षर हे शस्त्र होते, आणि ते एकाच बाजूच्या हातात होते. डेबूजींना शास्त्रार्थ शिकविला तो ह्या कागदाने.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात काठी, जेवणासाठी मातीचे फुटके गाडगे. कोणी चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडेबुवा. शेवटी गाडगेबाबा हे नाव रूढ झाले. त्या सुमाराची, १९०१ची शिरगणती पाहिली तर साऱ्या हिंदुस्थानात शंभर माणसांत पाचसहा माणसांना लिहितावाचता येत होते. पुरुषांत दहाएक, आणि बायकांत शंभरात एकही पुरती नाही. बाबा ज्या गावांतून हिंडले तेथे पोस्टातून आलेले कार्ड वाचून घेण्यासाठी माणूस शोधावा लागे. स्वतः बाबांची पत्रे दुसऱ्यांच्या हातची असत.

आरंभीच्या कामांपैकी एक झाले ते पूर्णेच्या काठी ऋणमोचनास. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. काठाचा चिखल असा की बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी लोकांना हाताशी धरून, दगड वाहून तेथे घाट बांधविला. गावाचे नाव ऋणमोचन, आणि ज्याच्या मामाचे शेत ऋणापायी गेले त्याने तेथून लोकसेवेला आरंभ केला, हा योग आम्हांला मोठा वाटतो. कदाचित हे आमच्यासारख्या शब्दांचे कीस काढणाऱ्याचेच खूळ असेल. बाबांनी तिकडे लक्ष दिले असेल असे वाटत नाही.

आता कीर्तनाविषयी. आमच्या फडातले जुने लोक बाबांच्या कीर्तनाला कीर्तन म्हणावयास तयार नसत, हे खरे सांगितले पाहिजे. अभंग घ्यावा, चरण सोडवावा, प्रमाण द्यावे, दृष्टांत द्यावा ही आपली रीत. बाबांजवळ ह्यातले काही क्रमाने नसे. देवकीनंदन गोपाळाचा गजर, की लगेच श्रोत्यांना प्रश्न. प्रश्नही अगदी साधे. वऱ्हाडी बोलीत विचारावे आणि समोरच्याने उत्तर देईपर्यंत सोडू नये. देवाला नवस केला काय, बोकड कापला काय, त्यासाठी कर्ज काढले काय, किती काढले, व्याज किती, फेडणार कोण. श्रोता एकेक आकडा सांगत जाई, बाबा तोंडी बेरीज करीत जात आणि शेवटी बेरीज ऐकून तो श्रोताच गप्प होई. त्यानंतर बाबा विचारीत, पोरगा शाळेत जातो काय. जात नसेल तर त्याच बेरजेतून पाटीपुस्तकाचे पैसे काढून दाखवीत. घरातली ताटे विका, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्या, मोडक्या घरात राहा, पण मुलाला शिकविल्यावाचून राहू नका, ह्या अर्थाचे ते बोलत.

ह्यात एक गोष्ट आमच्या लक्षात उशिरा आली. गरिबाला शिक्षण घे म्हणून सांगणारे खूप. त्याचा खर्च कोठून काढावा हे सांगणारे थोडे. आम्हीही व्यासपीठावरून विद्येचे माहात्म्य तासभर गातो आणि पुढे बसलेल्या बाईच्या पोराची फी किती, ते विचारीत नाही. बाबा विचारीत. आणि त्या बाईच्या घरात पैसा नाही हे ठाऊक असल्याने, घरात जो पैसा रूढीपायी वाया जातो त्यावरच ते बोट ठेवीत. बोकड, दारू, मानपान, दिवसाचे जेवण हे सगळे त्यांच्या हिशेबात शाळेचे चोर होते. ह्यावर कोणी म्हणेल, दोष सावकाराचा आणि सरकारचा असताना गरिबालाच काटकसर शिकविणे हा न्याय नव्हे. आक्षेप खोटा नाही. केवळ ताट विकून गरिबी जात नाही, हे बाबांनाही कळत होते. म्हणून तर ते नुसते कीर्तन करून थांबले नाहीत.

येथे आम्हांला धर्मशाळांकडे वळावयाचे आहे, आणि पंढरीच्या वाटसरूंना ह्या विषयात काही सांगावे अशी गरज नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या पाठी त्या फरशांना टेकल्या असतील. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक ह्या ठिकाणी बाबांनी लोकांच्या वर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत सरकारी दवाखान्यात आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी केली. स्वतः कोठेही मालक झाले नाहीत. लाखांच्या वास्तू उठल्या आणि ते झाडाखाली वाढलेली भाकरी खात राहिले. बायको-मुलींनाही त्या वास्तूंत हक्क ठेवला नाही.

पंढरपूरची हकीकत विशेष आहे. त्या काळी वारीला आलेला महार, मांग वारकरी राहणार कोठे? मठात त्याला जागा नाही, वाड्यात नाही. चंद्रभागेचे वाळवंट हेच त्याचे घर. पाऊस आला की भिजत उभे राहावे. आषाढात पाऊस चुकत नाही, हे तुम्हांला सांगावयास नको. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, आणि चोखोबांची लेकरे वाळवंटात. विठ्ठलाचे मंदिर त्यांना खुले झाले ते १९४७च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले तेव्हा. बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती त्याच्या कितीतरी आधी. बाबा स्वतः पंढरीला येत, वाळवंट झाडीत, आणि देवळात न जाताच परत जात. आमच्या जुन्या लोकांना ह्याचा राग येई. पण जो लोकांच्या पंक्तीला शेवटचा, त्याला पायरीपर्यंतच सोडतात. मग आपण तरी पुढे का जावे, असा त्यांचा विचार असेल, असे आम्हांस वाटते.

धर्मशाळेला जातीचे नाव, हे आज कानाला खटकते. मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा, चोखामेळा धर्मशाळा. जात मोडावयास निघालेल्या माणसाने वास्तूही जातवारच बांधाव्या? आम्ही ह्यावर बराच विचार केला. उत्तर एवढेच की ज्याला कोणी आत घेत नाही त्याला आधी छप्पर दिले पाहिजे, वाद नंतर. हे उत्तर आम्हांला पुरते समाधान देत नाही, तरी पावसात उभ्या असलेल्या माणसाला ते पुरे होते.

आणि ह्या छपराचा विद्येशी संबंध आहे. वाऱ्या वर्षातून चार: आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. त्या वेळी धर्मशाळेत पाय ठेवावयास जागा नसते; एरवी खोल्या रिकाम्या. उलट, खेड्यातले गरीब पोर शिकावयास तालुक्याच्या गावी आले की त्याला वर्षाचे बाराही महिने छप्पर पाहिजे, दोन वेळची भाकरी पाहिजे. शाळा फुकट असली तरी शाळेच्या गावी राहणे फुकट नसते. गावात नात्याचे घर नाही, जातीमुळे भाड्याने खोली मिळत नाही, खाणावळीत ताट मिळत नाही; मग पोर आल्या पावली परत जाते आणि लोक म्हणतात, ह्यांना शिकण्याची आवडच नाही. वारकऱ्याची अडचण आणि विद्यार्थ्याची अडचण मुळात एकच आहे, ही गोष्ट बाबांनी ओळखली. १९४९ साली त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. ही संस्था बाबासाहेबांनी १९४५ साली स्थापिली होती आणि बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. एकाजवळ परदेशातल्या विद्यापीठांच्या पदव्या, दुसऱ्याला अक्षराची ओळख नाही. आणि दोघांचेही दुखणे एकच. गोणपाटावर बसलेला आणि गुरांमागे फिरलेला, असे ते दोघे.

दुसरे नाव कर्मवीर भाऊराव पाटलांचे. भाऊरावांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले एका छपराखाली राहत, एका चुलीवरचे एकत्र बसून खात, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबून आपला खर्च काढीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातवार बोर्डिंगे काढली होती आणि १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकून बोर्डिंगातली जातीची भिंत काढली. मुलांच्या धान्याला पैसे नाहीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. गाडगेबाबांचे भाऊरावांवर फार प्रेम. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कराडला कॉलेज काढले, त्यास सद्गुरू गाडगेमहाराजांचे नाव दिले. ज्याने अक्षर गिरविले नाही त्याच्या नावाचे कॉलेज! बाबांना त्याचे काय वाटले असेल हे सांगता येत नाही. त्यांना आपल्या नावाचे कौतुक कधीच नव्हते. तेथे गरिबांची किती पोरे आली, एवढेच त्यांनी पाहिले असते.

वसतिगृहाची गोष्ट निघाली म्हणून आमचीही सांगणे भाग आहे. आम्ही पाठशाळेत शिकलो ते वार लावून. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात घरी सात दिवस जेवण. कधी ताक पातळ असे, कधी यजमानीण रागावलेली असे, तरी एकही दिवस उपाशी राहिल्याचे आठवत नाही. ज्या पोराला चार श्लोक येतात त्याला वाढणे पुण्याचे, अशी गावाची समजूत होती. ही व्यवस्था शेकडो वर्षांची, आणि तिने किती गरीब ब्राह्मण मुलांना विद्वान केले त्याची गणती नाही. तिला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. पण ती केवळ आमच्यासाठी होती. परिटाच्या, धनगराच्या, महाराच्या पोराला वार लावून जेवू घालणारे घर त्या गावात एकही नव्हते. आमच्या शिकण्यामागे आमची बुद्धी थोडी आणि लोकांच्या घरची ताटे फार. जे आम्हांला जन्मताच फुकट मिळाले, त्यासाठी बाबांना आणि भाऊरावांना दारोदार हिंडून संस्था उभ्या कराव्या लागल्या.

त्याच पाठशाळेतली एक गोष्ट. पडवीच्या बाहेर, खांबाला टेकून, एक मुलगा बसे. शेळ्या राखणाऱ्याचा. शेळ्या माळावर सोडाव्या आणि आमचा पाठ चालू असताना ऐकत राहावे. एकदा गुरुजींनी आम्हांला शब्दरूपे विचारली. आम्ही अडखळलो, आणि बाहेरून त्या पोराने पुढची विभक्ती बरोबर म्हटली. आम्ही हसलो. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी त्याला पुन्हा इकडे फिरकायचे नाही म्हणून बजावले, आणि तो पुन्हा आला नाही. आमचे गुरुजी क्रूर नव्हते. गाईला काठी लागली तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. त्यांच्या समजुतीत तो मुलगा अधिकारी नव्हता, बस्स. ब्रह्मसूत्रांत ह्या विषयावर अपशूद्राधिकरण नावाचे स्वतंत्र अधिकरण आहे, ते पुढे आम्ही वाचले. वाचताना डोळ्यांपुढे तो खांब येई. आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. बोलावयास हवे होते. पुढे त्या पोराचे काय झाले ते आम्हांला माहीत नाही. त्याचे नावही आम्ही विचारले नव्हते.

ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ मराठीत आणला, तो ह्याच खांबाबाहेर बसलेल्यांसाठी. त्या गोष्टीला शेकडो वर्षे उलटून गेली होती, तरी आमच्या पडवीतून एका पोराला हाकलले गेले. म्हणजे ग्रंथ उघडला तरी पडवी उघडावी लागते, आणि पडवी उघडली तरी शेळ्या कोण राखणार हा प्रश्न राहतोच. बाबांनी हे तिन्ही पाहिले. त्यांच्यामागे १९५२ साली स्थापन झालेले गाडगेमहाराज मिशन आश्रमशाळा व वसतिगृहे चालवीत आले, त्यात पोरांना शिक्षणाबरोबर निवारा आणि जेवण देण्यावर भर राहिला, तो ह्याच दृष्टीने.

शेवटचे कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्यास झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले, म्हणून ज्यांना त्यांचा आवाज ऐकावयाचा त्यांना तो आजही ऐकता येतो. आम्ही तो ऐकला आहे. वय ऐंशी, शरीर थकलेले, आणि तरीही तेच प्रश्न, त्याच चिवटपणाने. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. अमरावतीस त्यांची समाधी आहे.

अमरावतीस १९८३ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे त्यास संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. शेंडगाव आणि दापुरे ही दोन्ही गावे त्याच विद्यापीठाच्या टापूत येतात. काही वर्षांमागे त्या भागात आमचे कीर्तन होते. सकाळी निघताना एक वृद्ध बाई पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद घेऊन आली. नातीचे पदवीपत्र होते. तिला वाचता येत नव्हते. नातीचे नाव कोणते ते तिला ठाऊक होते, घरच्यांनी दाखविले होते; तिला बाबांचे नाव कुठे आहे ते पाहावयाचे होते. आम्ही बोटाने दाखविले. तिने तेवढ्या अक्षरांवर हात ठेवला, कागद पुन्हा पिशवीत घातला, आणि चहा घेऊन जा म्हणाली.